वेबच्या मागचा

“याला जरा धरतेस?” असं विचारून कात्रिननं उत्तराची वाट न बघताच मुलगा नंदिनीच्या मांडीवर ठेवला आणि स्वतःची खुर्ची टेबलाकडे ओढली. “हं. आता मागे बसून मला सांगत जा. पहिला कोण घेऊ?”

योनास दोन वर्षांचा होत आला होता. वजनाला मात्र वर्षाच्या मुलाएवढा. दोन्ही पोटऱ्यांना प्लास्टिकचे आधार बांधले होते आणि त्यांवर छोटे हिरवे ट्रॅक्टर छापलेले होते. त्याचे पाय सारखे कात्रीसारखे एकमेकांवर चढत होते. नंदिनीनं ते हलक्या हातानं सोडवले, घसरलेला मोजा वर ओढला. त्यानं तिच्या गळ्यातलं ऑफिसचं कार्ड पकडलं आणि सरळ तोंडात घातलं.

“घाण आहे रे ते,” ती मराठीत म्हणाली. तो हसला. चार दात होते.

ऑगस्टचा शेवटचा शुक्रवार होता. कार्ल्सरूहेतल्या त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या गच्चीवर ग्रिल पेटलं होतं, बिअरचे क्रेट भिंतीच्या सावलीत लावले होते, आणि टीमचा प्रमुख होल्गर पांढऱ्या फळ्यासमोर मार्कर घेऊन उभा होता. खेळ अमेरिकन फुटबॉलचा, पण मैदानात कुणालाच उतरायचं नव्हतं. टेबलाभोवतीच्या दहा जणांनी पाळीपाळीनं तिकडचे खरे खेळाडू वाटून घ्यायचे, आपापला कागदी संघ करायचा, आणि मग हिवाळाभर दर रविवारी तो खेळाडू तिकडे जे करील त्याचे गुण इकडे आपल्याला. सगळ्यात जास्त गुण होतील त्याला चषक.

गेल्या वर्षीचा चषक नंदिनीनं जिंकला होता. त्यावर नाव कात्रिनचं कोरलेलं होतं, कारण संघ कात्रिनचा. कात्रिन बाळंतपणाच्या लांब रजेवर गेली तेव्हा नंदिनीला तिची फरट्रेटुंग म्हणून घेतलं होतं, रजेपुरती बदली म्हणून. कात्रिनच्या टेबलाबरोबर खिडकीतलं तिचं जांभळ्या फुलांचं झाड आणि हा संघही नंदिनीकडे आला. दोन वर्षं तिनं झाडाला पाणी घातलं, आणि संघाला रनिंग बॅक पुरवले.

रनिंग बॅक म्हणजे चेंडू काखेत मारून समोरच्या माणसांच्या भिंतीत डोकं खुपसणारा गडी. या खेळात सगळ्यात लवकर मोडतो तो हाच. बाकीचे नऊ जण पहिल्या फेऱ्यांमध्ये मोठ्या नावांच्या मागे धावायचे. नंदिनी गप्प बसायची. आठव्या-नवव्या फेरीपर्यंत निम्मे लोक ग्रिलपाशी गेलेले असायचे, उरलेल्यांना बिअर चढलेली असायची, आणि मग ती असं नाव घ्यायची की सगळे विचारायचे, कोण? तो कुणातरी मोठ्याच्या मागे बाकावर बसलेला पोरगा असायचा. पुढचा किती वर्षांचा झाला, गेल्या हंगामात किती वेळा आपटला, उन्हाळ्याच्या सरावात गुडघ्याला बर्फ लावून किती बसला. आणि मागचा पोरगा नुसता पळतोय, का पास झेलतो, आपल्या माणसाला वाचवायला अंगावरही घेतो? अंगावर घेणाऱ्यालाच कोच पुढे पाठवतो. हे सगळं ती अन्वीला झोपवताना फोनवर वाचायची, एक हात लेकीच्या पाठीवर ठेवून.

एकदा सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, “हे काय गं सारखं वाचतेस?” तिनं समजावून सांगितलं.

“म्हणजे दुसऱ्याचा पाय मोडायची वाट बघायची?”

“वाट नाही हो आई. अंदाज घ्यायचा.”

“मग तो मोडला नाही की तुला वाईट वाटतं का?”

नंदिनी हसली होती. सासूबाई हसल्या नव्हत्या.

आज अर्ध्या तासापूर्वी होल्गरनं बाटलीवर चमचा वाजवला होता. “लोकहो, एक ऑक्टोबरपासून आपली कात्रिन परत!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंदिनीनंही वाजवल्या. तिला हे तिथेच, सगळ्यांबरोबर कळलं होतं. कात्रिन तिसरं वर्षही रजा वाढवील असं सगळे धरून चालले होते, आणि तोवर तुझं कायमचं काहीतरी करू, असं होल्गरच वसंतात म्हणाला होता. तिची नोकरी राहिली तर तिघांचा इथे राहण्याचा परवाना राहणार होता. क्षितिजची, तिच्या नवऱ्याची, स्कॉलरशिप संपली होती आणि पीएच.डी.ची शेवटची दोन प्रकरणं उरली होती. नोकरी गेली की सगळंच आवरायचं.

योनासला कडेवर घेऊन ती ग्रिलपाशी गेली. होल्गर सॉसेज उलटत होता.

“होल्गर, माझ्या कॉन्ट्रॅक्टचं?”

“आज शुक्रवार आहे, नंदिनी. आज ऑफिसचं बोलणं बंद.”

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“आल्झो… म्हणजे…” त्यानं चिमटा हवेत धरला. “जूनपासून. तुला उगाच उन्हाळाभर टेन्शन कशाला द्यायचं?” मग तो तिच्याकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच माया होती. “ऐक. तू सुपर आहेस. उद्या कोणी गळलं ना, तर पहिला फोन तुला. शब्द देतो.”

योनासनं सॉसेजकडे हात केला. होल्गरनं त्याला पावाचा तुकडा दिला आणि नंदिनीला सांगितलं, “तुझं व्हेजिटेरियन तिकडे, वेगळ्या जाळीवर आहे हं. बघ, आठवण ठेवली.”

ती परत येऊन कात्रिनच्या मागे बसली. फेऱ्या चालल्या होत्या. होल्गरनं पहिल्याच फेरीत वेबला उचललं होतं, आणि फळ्यावर त्याचं नाव दोनदा अधोरेखित केलं होतं. वेब म्हणजे रनिंग बॅकांचा राजा. वय एकोणतीस. जुलैत नंदिनीनं त्याच्या सरावाचे सगळे व्हिडिओ पाहिले होते. डाव्या पायावर वळताना तो आधी थांबतो, असं तिच्या लक्षात आलं होतं. त्याच्या मागे ओकाफोर नावाचा बावीस वर्षांचा मुलगा होता. उन्हाळाभर तिनं हे नाव घराबाहेर कुणासमोर उच्चारलं नव्हतं.

“संघ तर माझाच आहे ना?” असं कात्रिननं सुरुवातीला मोकळेपणानं विचारलं होतं. “दहाच संघ आहेत, नाहीतर तुलाही दिला असता. तू माझी ट्रेनर हो.” त्यात खोट नव्हती. कात्रिन बाईच सरळ होती. दर नाताळात तिनं नंदिनीला हातानं लिहिलेलं कार्ड पाठवलं होतं, ‘माझी जागा सांभाळतेस, देव तुझं भलं करो.’

नववी फेरी आली. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. कात्रिन मागे वळली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, दोन वर्षं न झोपलेल्या बाईची.

“नंदिनी? आता तुझी जादू.”

मांडीवर योनास पेंगला होता. कार्ड अजून त्याच्या मुठीत होतं, नंदिनीचा फोटो लाळेनं ओला झालेला. दुसरं कुठलंही नाव चाललं असतं. तिच्या जिभेवर एका म्हाताऱ्या, सगळ्यांना माहीत असलेल्या खेळाडूचं नाव आलंही. कात्रिननं ते डोळे मिटून घेतलं असतं.

मुलाचे पाय पुन्हा एकमेकांवर चढले. नंदिनीनं ते सोडवले.

“ओकाफोर,” ती म्हणाली.

“कोण?” टेबलावरून एकदम हशा उठला.

होल्गर मात्र हसता हसता थांबला. “एक मिनिट. हा माझ्या वेबच्या मागचा ना? नंदिनी! माझ्या माणसाचा पाय मोडावा म्हणून बसलीयस तू?”

“मी काही म्हणत नाही. मी फक्त बघते.”

“गिधाड!” तो प्रेमानं ओरडला, आणि फळ्यावर कात्रिनच्या रकान्यात ओकाफोर लिहिलं.

घरी क्षितिज अन्वीला जेवायला वाढत होता. अन्वी पाच वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तरं जर्मनमध्ये यायची.

“आलीस का रणगाडे विकत घेऊन?” त्यानं विचारलं.

“कात्रिन परत येतेय. एक ऑक्टोबर.”

त्याचा डाव भातात तसाच राहिला. “तिसरं वर्ष घेणार होती ना?”

“मुलगा उभा राहायला लागलाय. धरून.”

“वा,” क्षितिज म्हणाला. अन्वीच्या ताटात वरण घातलं, लिंबू पिळलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, “तेव्हा शिरा केला होतास तू.”

“कधी?”

“डॉक्टरांनी त्या पोराच्या पायांचं सांगितलं आणि तिनं रजा वाढवली, त्या दिवशी. बेदाणे घालून.”

“तूही खाल्लास.”

“मी दोनदा घेतला. मी कुठे नाही म्हणतोय?” तो हसला. ते हसणं तिला कुठेतरी टोचलं. “आणि तुझा ओकाफोर?”

“तिला दिला.”

“दिलास? अगं, एक फालतू नाव फेकायचं तोंडावर! तेवढंही जमू नये? तुझी खुर्ची घेतली, चषक घेतला, आता उरलंसुरलं तूच नेऊन दे!”

“तिचा मुलगा माझ्या मांडीवर होता.”

“मग?”

तिनं अन्वीच्या ओठाजवळचं शीत काढलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी तिनं झाडाला पाणी घातलं आणि कार्ड जमा केलं. ऑक्टोबरभर अर्ज केले. नोव्हेंबरात घरमालकाला नोटीस दिली, डिसेंबरची तिकिटं काढली. क्षितिज म्हणाला, थीसिस काय, पुण्यातूनही पूर्ण होते. ती होणार नाही हे दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे त्यावर भांडण झालं नाही. अन्वीला किंडरगार्टनमध्ये नाटकात मेंढीचं काम मिळालं होतं. नाटक तिकिटांच्या नंतरच्या आठवड्यात होतं. तिला अजून सांगितलं नव्हतं.

निघायच्या आधीच्या एका रविवारी संध्याकाळी घरात खोकी रचलेली होती. सोफा विकून झाला होता. नंदिनी जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती, समोर लॅपटॉपवर मॅच चालू होती. संघ नसला तरी बघायची सवय राहिली होती. अन्वी तिला रेलून बसली होती.

वेबनं चेंडू घेतला. डावीकडे वळला. वळण्याआधी थांबला.

मग तो खाली होता, आणि पाय नको त्या दिशेला होता. मैदानात एकदम शांतता झाली. दोन्ही संघांचे खेळाडू गुडघ्यावर बसले. वेबनं हेल्मेट काढून तोंडावर धरलं, तरी तो रडतोय हे दिसत होतं.

“तूट एस इम वे?” अन्वीनं विचारलं. त्याला दुखतंय का?

नंदिनी वेबकडे बघतच नव्हती. तिची नजर पडद्याच्या कडेला होती. तिथे, स्ट्रेचरच्या मागे, एक सडपातळ मुलगा हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळत होता. तिचं हृदय जोरात धडधडत होतं, आणि ते आनंदानं धडधडत होतं हे तिला कळत होतं.

फोन वाजला. होल्गर.

“नंदिनी! बघतेयस ना? माझा वेब गेला! तू आणि तुझा तो ओकाफोर!” मागे त्याच्या घरातही तीच मॅच ऐकू येत होती. “ऐक, पण मी दुसऱ्या कामासाठी फोन केलाय. कात्रिनच्या मुलाचं काहीतरी झालंय, खुब्याचं ऑपरेशन करणार म्हणे. ती उद्यापासून नाही. तीन महिने तरी नक्की. मी म्हटलं होतं ना, पहिला फोन तुला? मी शब्दाचा पक्का आहे. कागदपत्रं मी बघतो, परवान्याचं पत्रही देतो.”

नंदिनीच्या हातात अन्वीचा स्वेटर होता. “कसा आहे तो?”

“कोण?”

“योनास.”

“हं, हो… वाईटच आहे बिचाऱ्याचं. पडला म्हणे, चालायला बघत होता. आल्झो, उद्या नऊला?”

ओकाफोर मैदानात आला होता. पहिल्याच चेंडूवर तो भिंतीतून आरपार गेला, थेट शेवटच्या रेषेपलीकडे. हॉस्पिटलच्या कुठल्यातरी बाकावर बसलेल्या कात्रिनच्या नावावर सहा गुण चढले.

“या,” नंदिनी जर्मनमध्ये म्हणाली. हो.

क्षितिज स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. कितीतरी आठवड्यांनी त्याचा चेहरा ताणलेला नव्हता. तो आत गेला, आणि खोक्यावरची टेप कात्रीनं फाडल्याचा आवाज आला. मग दुसऱ्याची. मग त्याचा आवाज, अगदी मऊ, “नंदू, रवा कुठल्या खोक्यात गं?”

ती उठली. रवा तिनंच काढून दिला. तूपही. भाजताना घरभर वास सुटला आणि रिकाम्या खोलीला पुन्हा घराचा वास आला. बेदाणे सापडले नाहीत, किंवा तिनं शोधले नाहीत.

अन्वी वाटी बघून टुणकन उठली. “वेअर हाट गेबुर्ट्सटाग?”

“कोणाचा वाढदिवस नाही गं. खा.”

पण शिरा म्हणजे वाढदिवस, हे अन्वीला पक्कं ठाऊक होतं. तिनं उघड्या खोक्यात हात घालून एक अर्धवट जळलेली मेणबत्ती शोधून काढली आणि आपल्या वाटीत खोचली. क्षितिजनं हसत काडी ओढली. अन्वीनं डोळे गच्च मिटून काहीतरी मागितलं, ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारली.

मग तिनं आईकडे बघितलं, वाट बघत.

नंदिनीनं हातातला झारा खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.