पूरी चेष्टा

पांढराशुभ्र रुमाल दाखवून कोणी काही विकायला लागलं की माझं डोकं अजून फिरतं. माझ्या आईला अशाच एका रुमालानं फसवलं होतं.

चौऱ्याहत्तर सालचा उन्हाळा. शहरातल्या जरीपटका भागातल्या बाजारात एक माणूस टेबल मांडून वातीचा स्टोव्ह विकत होता. स्टोव्हचं नाव 'शुभ्रा'. मागे फलक लावलेला, 'धूर नाही, काजळी नाही, आता डोळ्यांत पाणी नाही.' त्यानं चहा उकळला, भांडं उचललं, बुडावरून रुमाल फिरवला आणि सगळ्यांना दाखवला. रुमाल जसाच्या तसा! चुलीपुढं फुंकून फुंकून आईला खोकला जडला होता. ती तिथंच हरखली आणि स्टोव्ह घेऊनच घरी आली.

आमच्या वस्तीत आईचा, म्हणजे सिंधूताईचा, शब्द चालायचा. रविवारी विहारात वंदना झाली की बाया तिच्याभोवती बसायच्या. कोणाच्या लेकराला टोचून आणायचं, कोणाच्या पोरीला शाळेत घालायचं, हे तीच सांगायची. त्या रविवारी तिनं स्टोव्हचं सांगितलं. "घ्या वं बायांनो, म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं." झालं! पंधरा दिवसांत अर्ध्या वस्तीत शुभ्रा.

आणि मग अर्धी वस्ती काळी. अगं बाई, काय तो धूर! चुलीचा बरा म्हणायचा. भाताचा गंज, म्हणजे पातेलं, राखेनं घासून घासून हाताची सालं निघायची. बाया काळे गंज घेऊन आमच्या दारात यायच्या, "सिंधूताई, तुमची शुभ्रा पाहा!" म्हणायच्या आणि हसायच्या. आई वरवर हसायची, पण तिला घास जात नव्हता.

नुसत्या हसण्यावर भागलं असतं तर ठीक होतं. शेजारच्या प्रेमिलामावशीची जया माझ्या वर्गात होती. आठवी झाली, आता पुरे, घरी बसून विड्या वळ, असं मावशीनं ठरवलं होतं. पोरीला काढू नको म्हणून आई कधीची तिच्या मागं लागली होती, आणि मावशी जवळजवळ तयारही झाली होती. त्या दिवशी तिनं आपला गंज आमच्या ओट्यावर आपटला.

"तुमचं ऐकून स्टोव्ह घेतला. आता तुमचंच ऐकून पोरीले शाळेत धाडू? काहून?"

आई तो गंज घेऊन राखेनं घासायला बसली.  शाळा उघडायला महिना उरला होता.

त्याच दुपारी तिनं मला कागद घेऊन बसवलं. कंपनी तिकडं कानपूरकडची, तेव्हा हिंदीतच लिहायचं. आई बोलायची आणि मी हिंदी करायची. 'आपका स्टोव बहुत धूर फेकता है. आपने हमको फसवाया है.' माझ्या हिंदीचं मला तेव्हा फार कौतुक होतं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अर्धी गल्ली ओट्यावर जमली. मी ऐटीत वाचलं, 'हमारा प्रतिनिधि आपके घर आकर पूरी चेष्टा करेगा.'

"काय करन?" आईनं विचारलं.

"चेष्टा," मी म्हटलं. "पूरी."

बाजारातली हिंदी आम्हां सगळ्यांना यायची. पण असला शब्द बाजारात कोण बोलतं? चेष्टा म्हणजे थट्टा, टिंगल, एवढंच आम्हाला ठाऊक. आणि थट्टेनं तर आई आधीच पोळली होती.

"अस्सं! धूर देऊन पोट नाही भरलं, आता घरी येऊन चेष्टा करते? अन थेही पूरी? येऊ दे मुडद्याले!" तिनं खराटा दाराशीच आणून ठेवला.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तो मुडदा आला. हडकुळा, चष्मेवाला, घामानं डबडबलेला, हातात अवजारांची पेटी. बिचाऱ्यानं आल्या आल्या हात जोडले.

"माताजी, कंपनी ने भेजा है. हम पूरी चेष्टा करेंगे."

"कर तं! करूनच दाखव!" आईनं खराटा उचलला. बाया भराभर बाहेर आल्या.

तो पायरीवरून मागं सरकला. "दिल से करेंगे, माताजी! आखिरी दम तक करेंगे!"

खराटा वर गेला तेवढ्यात जया ओरडली, "थांबा सिंधूमावशी! हिंदीतली चेष्टा येगळी! चेष्टा म्हंजे प्रयत्न. आमच्या धड्यात होतं. थो म्हणून राहिला, लय प्रयत्न करीन म्हणून."

 मग जो हशा उसळला! आईनं खराटा टाकला, त्याला खाटेवर बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि "भैय्याजी, माफ करा" म्हणून स्वतःही पोट धरून हसली. तोच धडा माझ्याही पुस्तकात होता. मला जयाचा असा राग आला, आज सांगते, की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

भैय्याजींनी संध्याकाळपर्यंत खरंच चेष्टा केली. वाती कापल्या, बदलल्या, खालीवर केल्या. शेवटी गंजाच्या बुडावरून स्वतःचा रुमाल फिरवला. काळाकुट्ट! तो रुमाल त्यानं आईपुढं धरला. मग सगळ्यांसमोर म्हणाला, "माताजी, बाज़ार में जो दिखाते हैं, वह स्टोव दूसरा है. हमसे झूठ नहीं बोला जाता." आणि पेटी उचलून गेला.

आई बायांकडं वळली. "ऐकलं? मी फसले, अन माह्यापायी तुमीही फसल्या. चुकलं माहं." मग प्रेमिलामावशीकडं पाहून म्हणाली, "पण प्रेमिला, तुही पोरगी शिकली नसती तं ह्या गरिबाले आज म्या खराट्यानं हाणला असता. हे तं खोटं नाही ना वं?"

मावशी जयाचा हात धरून घरी निघून गेली. सकाळी मात्र जया दोन घट्ट वेण्या घालून, दप्तर घेऊन आमच्या दारात उभी होती.

कंपनीचं पुन्हा पत्र आलं नाही. स्टोव्ह वाती संपेपर्यंत धूर ओकत राहिला.

अठ्ठ्याऐंशी साली आईला दवाखान्यात ठेवलं. छाती पार निकामी झाली होती, धुरानंच. जया तोवर हिंदीची शिक्षिका झाली होती. शाळा सुटली की तडक आईजवळ येऊन बसायची. एक दिवस नवे डॉक्टर आले, रायपूरकडचे, तरुण. आईचा हात हातात घेऊन म्हणाले, "माताजी, घबराइए मत. हम पूरी चेष्टा करेंगे."

आईला धड बोलवत नव्हतं. पण ती हसली. खोकला येईपर्यंत हसली. मग जयाकडं बोट करून डॉक्टरांना म्हणाली, "हिले विचारा. कोनती चेष्टा, थे हीच सांगन."

जयानं पदर डोळ्यांना लावला. मी जयाचा दुसरा हात घट्ट धरून बसले.