मोठ्यानं सांगितलेलं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. कांदे-बटाटे तोलणारा नव्हे हं, लेकरं तोलणारा! वाटूरजवळच्या एका गावात, अंगणवाडीच्या छताच्या कडीला मी वर्षानुवर्षं लटकलो. मध्ये गोल तबकडी, खाली हूक आणि हुकाला कापडाची झोळी. झोळीत ठेवलं की बाळ आधी भोकाड पसरायचं, मग पाय झाडायचं आणि माझा काटा बिचारा थरथरत राहायचा. सेविका पुष्पाबाई चुटक्या वाजवून बाळाला गप्प करायच्या आणि मगच वजन वाचायच्या. कारखान्यात घडलो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या मोठ्या दुकानात मिरवू. पण इतकं गोड ओझं मला तिथे कुठून मिळालं असतं?

माझ्यावर सगळ्यात जास्त जीव होता गोजरबाईंचा. नात मोनालीला घेऊन त्या वजनाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर! फक्त त्यांची एक अट असे.

"पुष्पा, वजन मोठ्यानं बोलू नको. पोरीला नजर लागंल."

मग पुष्पाबाई त्यांच्या कानात सांगायच्या आणि गोजरबाई पदराआड हसायच्या. लसीच्या दिवशी मात्र त्यांच्या दाराला आतून कडी असायची.

"मावशी, मोनालीला नऊ महिने झाले. गोवराची लस राह्यली," पुष्पाबाई एकदा म्हणाल्या.

"न्हाई म्हंजी न्हाई! सुई टोचली की लेकरू तापतं. ही बघ, कशी गुटगुटीत हाय. हिला काय धाड भरलीय?"

सून शीतल सासूपुढे बोलत नसे. मित्रांनो, मी वजन अगदी बरोबर सांगतो. पण रोगाशी लढायची तयारी त्या अंगात आहे की नाही, हे मला दिसत नाही.

पुढच्या वजनाला मोनालीला सर्दी-ताप होता, डोळे लाल झाले होते. तरी गोजरबाई आल्याच. खोकत खोकत मोनाली झोळीत बसली. तिच्या मागे गावातली शिवकन्या आपल्या तान्ह्या संघपालला कडेवर घेऊन उभी होती. संघपाल जेमतेम सहा महिन्यांचा. शिवकन्याने त्याची एकही लस चुकवली नव्हती, पण गोवराची लस मिळण्याइतका तो अजून मोठाच झाला नव्हता.

दोन-तीन दिवसांत मोनालीच्या अंगावर लाल पुरळ उठलं. गोवर निघाला म्हणून गोजरबाईंनी रीतीप्रमाणे दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला, घरातली फोडणी बंद केली. मोनाली निभावून गेली. पण थोड्याच दिवसांत संघपालला गोवर निघाला. त्याची छाती भरली, श्वास लागला आणि त्याला जालन्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. वजनाच्या दिवशी त्याची पाळी आली तेव्हा झोळी रिकामी होती. काट्याला रडता येत नाही. मी शून्यावर उभा राहिलो.

"आमच्या मोनालीचं त्या लेकराला लागलं का गं?" गोजरबाईंनी हळूच विचारलं.

पुष्पाबाई खोटं बोलल्या नाहीत. "व्हय मावशी. अंगावर दिसायच्या आधीच गोवर दुसऱ्याला लागतो. संघपालसारख्या बारक्यांची राखण मोठ्या लेकरांच्या लसीनंच होती."

गोजरबाईंनी रिकाम्या झोळीवरून हात फिरवला.

पुढच्या महिन्यात शिवकन्या आली. कडेवर संघपाल! वाळलेला, पण डोळे टपोरे. लस द्यायला सिस्टरही आल्या होत्या. त्या दिवशी गोजरबाई पहिल्या नंबराला उभ्या नव्हत्या. त्यांनी शिवकन्याला पुढे केलं. पुष्पाबाईंनी काटा पाहिला आणि सवयीने शिवकन्याच्या कानाशी वाकल्या.

"पुष्पा, मोठ्यानं सांग!" गोजरबाई ओरडल्या. "समद्यांला ऐकू जाऊ दे."

"वाढलं मावशी! दवाखान्यातून आल्ता त्याच्यापेक्षा चांगलं वाढलं!"

संघपालने मला सणसणीत लाथ मारली. अशी गोड लाथ मी जन्मात खाल्ली नव्हती. गोजरबाईंचे डोळे पाझरले. त्यांनी शिवकन्याच्या पाठीवरून हात फिरवला, मग मोनालीची बाही वर सरकवली आणि तिच्या राहिलेल्या लसींसाठी सिस्टरपुढे बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या सांगत आल्या, "पोरगी तापली. तापू दे. उतरंल उद्या."

आता अंगणवाडीत नवा, दिव्याचे आकडे दाखवणारा काटा आलाय. मी खुंटीवर आरामात आहे. लसीच्या दिवशी गोजरबाई गल्लीतल्या लेकराबाळांना गोळा करून आणतात तेव्हा मला फार बरं वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरी लहान भावंड असेल तर त्याची लस चुकवू देऊ नका. शेजारी एखादा संघपाल असतो आणि त्याला अजून लस मिळायची असते. मी लेकरांच्या लाथा हव्या तितक्या खाईन. पण ती रिकामी झोळी मला पुन्हा बघायची नाही.