रिकाम्या उखळाचे ठोके

मित्रांनो, मी एक जुनं दगडी उखळ आहे. लेबनॉनमध्ये, बेका खोऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावात, अफीफे नावाच्या बाईच्या अंगणात अंजिराच्या झाडाखाली माझा मुक्काम असतो. उखळ बोलायला लागलं म्हणून दचकू नका. आयुष्यभर मी मुसळाचा मार खाल्ला आणि ब्र काढला नाही. आता दोन शब्द बोलायचा हक्क मला नक्कीच आहे.

गावाच्या वर द्राक्षांचे मळे आहेत, आणि मळ्यांच्या कडेला दगडाची एक जुनी खाण आहे. मी त्या खाणीतला. मला आणि माझ्या भाऊबंदांना काढून नेल्यावर तिथे जो खोल खड्डा उरला, तो अजून तसाच आ वासून पडला आहे. त्याला ना कठडा, ना कुंपण. पाथरवटानं मला पोखरून, घासून, गुळगुळीत केलं आणि अफीफेच्या सासूच्या स्वाधीन करताना बजावलं, “बाई, दगड नामी आहे, पण याच्या पोटात एक शीर आहे. मांस घालून हवं तितकं कुटा. रिकामं मात्र कधी मारू नका. तडकेल.”

ही गोष्ट त्या घरात कुणी विसरलं नाही. एखाद्या पोरानं गंमत म्हणून, मी रिकामा असताना, माझ्यावर मुसळ उचललं, की त्याच्या पाठीत धपाटा बसलाच म्हणून समजा.

रविवार हा माझा दिवस. कोकराचं कोवळं मांस, कांदा, मीठ आणि मग भिजवलेला गव्हाचा दलिया. हे सगळं माझ्यात कुटून कुटून लोण्यासारखं मऊ करायचं. त्याला आमच्याकडे किब्बे म्हणतात. माझा आवाज पार वरच्या मळ्यांपर्यंत जायचा. अफीफेची एकुलती एक मुलगी जूमाना लहानपणी तिकडे वेलींमध्ये उंडारत असायची. आईनं घसा फोडून हाका मारल्या तरी तिला ऐकू येत नसत. माझे दोन ठोके पडले, की ही धापा टाकत दारात हजर! पहिला घास तिचा असायचा ना. मला त्या गोष्टीचा फार गर्व होता, खोटं कशाला सांगू?

पण आमच्या गल्लीत एक रीत आहे. कुणाच्या घरी माणूस गेलं, तर चाळीस दिवस शेजारपाजारची उखळं मुकी राहतात. मुसळ आडवं ठेवून वर काळं फडकं टाकतात. ज्या घरात रडणं चाललं आहे, त्या घराच्या कानावर मेजवानीचा आवाज जाऊ नये, एवढाच त्यामागचा भाव.

ही रीत एकदा मोडली गेली. जूमानाचे वडील गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या वर्देच्या घरी तिच्या मुलाचं, खत्तारचं लग्न होतं. तारीख आधीच ठरली होती, म्हणे. वर्देनं किब्बे कुटलं. तिचं उखळ माझ्यापेक्षा लहान आणि आवाजही पातळ, पण त्या दिवशी तो आवाज आमच्या घरात भिंती फोडून शिरला. अफीफे काळ्या कपड्यात बसून ऐकत राहिली. त्यानंतर ती वर्देशी एक अक्षर बोलली नाही. जिवलग मैत्रिणी होत्या दोघी! माझ्या कडेला बसून दलिया निवडायच्या. नंतर दोन्ही अंगणांच्या मधली भिंत अफीफेनं उंच करून घेतली.

जूमाना मोठी झाली, बैरूतला शिकायला गेली आणि डोक्यात एक कल्पना घेऊन परत आली. तिनं जुन्या सायकली मिळवून हिरव्या रंगानं रंगवल्या. सकाळी पाहुण्यांनी सायकलीवरून द्राक्षमळे हिंडायचे, दुपारी डोंगरावरच्या तळघरात बसून वाइन चाखायची आणि मग उतरून आमच्या अंगणात किब्बे करायला शिकायचं, अशी एक दिवसाची सहल.

“लोक पैसे मोजून माझ्याकडे कांदे चिरायला येणार?” अफीफे म्हणाली. “तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?”

“मांस कुटायला येणार, आई. कांदे तूच चिरायचेस.”

तुमच्याकडे कुणाचं बरं चाललं, की त्याचं उखळ पांढरं झालं म्हणतात. मी मुळातच पांढऱ्या दगडाचा. पण ही सहल जमली तर जूमानाला पुन्हा गाव सोडावं लागणार नव्हतं, आणि अफीफेला म्हातारपणी एकटं राहावं लागणार नव्हतं. म्हणून तर पहिले पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी अफीफेनं मला गरम पाण्यानं घासूनपुसून लख्ख केलं होतं.

पहिल्या सहलीच्या दिवशी पहाटे वर्देच्या घरातून आकांत ऐकू आला. तिचा नवरा तन्नूस गेला होता.

अफीफे अंगणात आली. तिनं मुसळ आडवं केलं आणि माझ्यावर काळं फडकं पसरलं.

जूमाना सायकलींत हवा भरत होती. “आई! आज पाहुणे येणार. उखळच तर बघायला येणार आहेत ते.”

“मांस यंत्रात बारीक करू.”

“ती तुझ्याशी कशी वागली, विसरलीस?”

“विसरले नाही, म्हणूनच झाकते आहे,” अफीफे म्हणाली. “ती तशी वागली. मी तशी नाही. कळू दे तिला.”

मित्रांनो, ते फडकं शोकाचं कमी आणि टोमण्याचं जास्त होतं. मला ते तेव्हाच कळलं होतं.

सकाळ स्वच्छ होती. जूमाना सहा पाहुण्यांना घेऊन घंटा किणकिणवत वर गेली. दुपारी तळघरातून तिचा निरोपही आला, की चाखणं झालं, मंडळी खुशीत आहेत, आता उतरतो. अफीफेनं कांदे सोलायला घेतले.

आणि धुकं उतरलं. आमच्याकडे पानगळीच्या दिवसांत ते डोंगरावरून दुधासारखं उतू जातं. बघता बघता अंजिराचं झाड दिसेनासं झालं. वीज गेली, तिच्याबरोबर मोबाईलचा टॉवरही मुका झाला. पोहोचायची वेळ केव्हाच उलटून गेली तरी गल्लीत एकाही सायकलीची घंटा वाजली नाही.

अफीफे दारापर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन तिनं हाका मारल्या. तिला स्वतःचे पायसुद्धा दिसत नव्हते. गडी माणसं बहुतेक सगळी मयताच्या तयारीला खाली चर्चमध्ये गेलेली. तिनं पितळी परात आणून पळीनं बडवली. पण परातीचा पातळ आवाज धुक्यात फुटून चहूकडे पसरला. तो नेमका कुठून येतो आहे, ते माझं मलासुद्धा सांगता आलं नसतं.

तेवढ्यात चर्चची घंटा वाजू लागली. तन्नूससाठी. संथ, एकेक टोला.

अफीफेच्या हातातली परात गळून पडली. मलाही त्या क्षणी तेच सुचलं जे तिला सुचलं असणार. चर्च गावाच्या खालच्या टोकाला आहे, आणि वरचे मळे व चर्च यांच्या बरोबर मध्ये माझी ती खाण. वाट चुकलेला माणूस घंटेचा आवाज ऐकून काय म्हणेल? गाव सापडलं! आणि सरळ त्या रोखानं चालत सुटेल.

“या अद्रा,” अफीफेनं मरियम मातेला हाक घातली, “माझं लेकरू.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे बायकांचा रडण्याचा सूर चालूच होता. इतकी वर्षं जो राग तिनं उराशी धरला होता, ज्याच्या जोरावर ती ताठ मानेनं चालायची, तो त्या क्षणी तिला टाकून द्यावा लागणार होता. एकदा मुसळ उचललं, की ती आणि वर्दे सारख्याच.

तिनं फडकं ओढून फेकलं. मांस घरात तयार होतं, पण तिनं ते आणलं नाही. मयताच्या शेजारी मांस कुटणं तिच्यानं झालं नसतं. तिनं दोन्ही हातांनी मुसळ उचललं आणि माझ्या रिकाम्या पोटात हाणलं.

मित्रांनो, असा मार मी कधी खाल्ला नव्हता. ठाक्! सगळं अंगण हादरलं. भिंतीपलीकडचं रडणं एकदम थांबलं. ठाक्! माझ्या पोटातली ती शीर जागी झाली. मला भीती वाटली, हो, दगडालाही वाटते. मी फुटलो तर आवाज थांबेल, आणि आवाज थांबला तर जूमानाला कोण बोलावेल? मी सगळं बळ एकवटून स्वतःला धरून ठेवलं.

फाटक उघडलं. वर्दे आत आली. काळे कपडे, सुजलेले डोळे. तिच्या मागे शोकाला आलेल्या बायका आणि खत्तार.

“बदला घेते आहे,” त्यांच्यातली एक कुजबुजली. “आजच्या दिवशी! लाज नाही वाटत?”

अफीफेनं वर पाहिलं नाही. मुसळ थांबलं नाही. “पोरगी धुक्यात आहे,” ती धापा टाकत म्हणाली. “पाहुण्यांसकट. घंटेच्या रोखानं आली तर खाणीत जाईल. हा आवाज तिच्या ओळखीचा आहे.”

वर्दे पुढे आली. तिनं वाकून माझ्या आत पाहिलं. आत काही नव्हतं. मांस नाही, दलिया नाही. ती क्षणभर तशीच वाकून राहिली. मग मागे वळली.

“खत्तार, पळ. घंटा थांबवायला सांग.”

“आई, बाबांची घंटा आहे ती!”

“त्यांना आता ऐकू येत नाही. पोरीला येतं. पळ म्हणते ना!”

खत्तार धावत सुटला. वर्देनं अफीफेच्या खांद्याला हात लावला.

“सरक. हातात जोर राहिलेला नाही तुझ्या. हे काय कुटणं आहे? मांजर दार वाजवतं तसं.”

“जोर तुझ्यात तरी कुठे आहे? सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या.”

“सरक गं, भवाने.”

इतक्या वर्षांत त्या दोघी पहिल्यांदा एकमेकींशी बोलल्या, त्या अशा. वर्देनं मुसळ घेतलं. बाई नवऱ्याच्या मरणाचं सगळं दुःख त्या मुसळात घालून हाणत होती. ती दमली की अफीफे, अफीफे दमली की ती. काही वेळानं घंटा बंद पडली. मग त्या धुक्यात माझ्याशिवाय कशाचाच आवाज राहिला नाही.

आणि तेव्हाच मी तडकलो. काठापासून खाली बुडापर्यंत सरकत गेलेली ती कळ मी जन्मात विसरणार नाही. आवाज थोडा घोगरा झाला. दोघींनाही ते कळलं. अफीफेचा हात अडखळला.

“मार,” वर्दे म्हणाली. “थांबू नकोस. मार!”

बऱ्याच वेळानं, धुक्याच्या आत कुठेतरी एक बारीक किणकिण झाली. मग दुसरी. अफीफे मुसळ टाकून धावली आणि फाटकाला आपटली. एकामागून एक सगळ्या हिरव्या सायकली आत आल्या, ओल्या, चिखलानं माखलेल्या. सगळ्यांत शेवटी जूमाना. तिचे ओठ पांढरे पडले होते.

तिनं सांगितलं ते असं. धुक्यात तिची वाट सुटली. खाण मागे राहिली असं समजून ती घंटेच्या दिशेनं सगळ्यांना चालवत होती. पाहुण्यांतले एक उंच गृहस्थ वाइन जरा जास्तच आवडल्यामुळे सर्वांच्या पुढे, गाणं म्हणत चालले होते. एकाएकी घंटा थांबली, म्हणून हे सगळेही थांबले. त्या शांततेत तिला डाव्या हाताला माझे ठोके ऐकू आले. त्या गृहस्थांच्या बुटाची ठोकर लागून एक दगड घरंगळला. तो खाली पडल्याचा आवाज किती तरी वेळ आलाच नाही.

हे ऐकून अफीफेनं मुलीच्या थोबाडीत मारली आणि मग तिला गच्च मिठी मारून ती रडली. वर्दे आपल्या घराकडे निघाली. अफीफेनं तिचा हात धरला.

“त्या दिवशी,” अफीफे म्हणाली, “खत्तारच्या लग्नाच्या...”

“मी थांबायला हवं होतं,” वर्दे म्हणाली. “तेव्हाच सांगायला यायचं होतं. तू भिंत चढवलीस, मग मलाही राग आला.”

“भिंत काय, पाडता येते.”

त्या दिवशीच्या वर्गात पाहुण्यांना किब्बे शिकायला मिळालंच नाही. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण पोहोचवतात. अफीफेनं सगळ्यांना ओळीनं बसवलं आणि मसूर, दलिया व खरपूस तळलेल्या कांद्याचं साधं जेवण करायला लावलं. त्या उंच गृहस्थांच्या वाट्याला सगळे कांदे आले. मग पाहुण्यांनीच पातेली उचलून शेजारी नेली आणि ते शोकाला बसलेल्या माणसांच्या शेजारी मुकाट्यानं बसून जेवले. त्यातला एकही पाहुणा तक्रार करत गेला नाही. जूमानाची सहल अजून चालू आहे.

माझं मात्र काम संपलं. किब्बे आता विजेचं यंत्र करतं, घरघर करत. चाळीस दिवस झाल्यावर वर्देनं शोक सोडताना पहिलं मांस मुद्दाम माझ्यात कुटायला आणलं होतं. दोघींनी मिळून अगदी हलक्या हातानं कुटलं. भेगेतून रस झिरपला आणि मांजराची चंगळ झाली. त्यानंतर मला कुणी मुसळ लावलं नाही. येणारेजाणारे सल्ले देतात. कुणी म्हणतं सिमेंट भरा, कुणी म्हणतं माती घालून छानसं फुलझाड लावा.

“उखळ आहे ते, कुंडी नाही,” असं म्हणून अफीफे त्यांना गप्प करते. संध्याकाळी धुकं उतरायला लागलं, की वर्दे पाडलेल्या भिंतीवरून इकडे येते आणि माझ्या कडेला टेकते. सायकलींच्या घंटा ऐकू येईपर्यंत दोघी तिथेच दलिया निवडत बसतात. मुसळ हाताशी असतं.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं जुनं, तडा गेलेलं उखळ असेल. ते झाकून ठेवा, अधूनमधून पुसा, हवं तर त्याच्यावर बसा. पण त्यात माती भरू नका. धुकं कधी उतरेल, ते सांगता येत नाही.