चेहरा उजळ करा

आमची संस्था म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि मी. नफा कमवायचा नाही असं उद्दिष्टातच लिहिलंय, आणि तेवढं मात्र आम्ही अगदी नेटाने पाळतो. ज्यांचे फोटो कुणी छापणार नाही, त्यांची पुस्तकं काढायची. नियम एकच: फोटोग्राफरने प्रूफवर सही केल्याशिवाय मशीन फिरणार नाही.

यंदाचं पुस्तक काकांचं. त्यांनी जन्मभर पासपोर्टचे फोटो काढून पोट भरलं, आणि घरी एकाच माणसाचे काढले, काकूंचे. भांडी घासताना, झोपलेल्या, हळूहळू म्हाताऱ्या होत गेलेल्या. काकू गेल्या वर्षी गेल्या. "पुस्तकात तिचा चेहरा एकदा नीट बघितला की सुटलो," काका म्हणायचे.

कव्हरचं प्रूफ त्यांनी परत पाठवलं. "चेहरा काळवंडलाय. उजळ करा." केला. पुन्हा तेच. पुन्हा उजळला. छपाईवाला भडकला, "बाई, आता काय कोरा कागद छापू?" मीही त्याला सोडलं नाही. शाई भिकार, मशीन त्याहून भिकार, तोंडाला येईल ते बोलले. मनात काकांच्या नावानेही बोटं मोडत होते. कलावंत म्हटला की नखरे आलेच!

शेवटी वैतागून घरीच गेले. त्यांच्या लेकीने दार उघडलं. काका खिडकीशी, भर उजेडात बसलेले, तरी टेबलावरचा दिवा चालू. मी ताजं प्रूफ पुढे केलं. त्यात काकूंचं नाकसुद्धा जेमतेम उरलं होतं.

"काळंच आहे गं."

माझं डोकंच फिरलं. पिशवीत मूळ प्रिंट होती, त्यांनीच डार्करूममध्ये केलेली. तिच्याशीच आम्ही प्रत्येक प्रूफ ताडून बघायचो. तीच हातात दिली. आता काढा म्हटलं खोट!

काकांनी ती डोळ्यांशी नेली, लांब धरली, तिरकी केली. "हेही तसंच. चेहराच दिसत नाही हिचा."

लेकीने तोंडावर हात दाबला. माझा राग कुठल्या कुठे पळाला. अरे देवा, इतके दिवस आम्ही काय उजळत बसलो होतो! काकांची बोटं कागदाच्या कडेवरून फिरत होती. प्रूफचा कागद पातळ असतो. हा जाड, जरा वळलेला. बोटं थांबली.

"ही माझी प्रिंट आहे."

"हो, काका."

"म्हणजे तुझं पहिलं प्रूफ बरोबर होतं."

"हो."

"मग तेच छाप. त्या बिचाऱ्या छपाईवाल्याला उगाच बोलली असशील."

मी पिशवीतून पहिलं प्रूफ काढलं. लेकीने त्यांचा हात कोपऱ्यावर नेऊन ठेवला. सही वाकडी झाली. पण कागद काही ते सोडेनात.

"आता सांग, कशी दिसतेय?"

"हसतायत काकू," मी म्हटलं. काय सुचलं कोण जाणे.

"खोटं बोलू नकोस. त्या दिवशी आम्ही कडाकडा भांडलो होतो. नीट बघून सांग, मला आता तुझ्याच डोळ्यांनी बघायचंय."

मी डोळे पुसले आणि सांगायला लागले. काकू रागावलेल्या होत्या, आणि सरळ त्यांच्याकडेच बघत होत्या.