वसुंधरेचे टाके

धाकट्या जावेच्या, वसुंधरेच्या, विणकामाचं कौतुक ऐकलं की शकुंतलेच्या तळपायाची आग मस्तकात जायची. भावोजींचा नवा स्वेटर अंगणात वाळत होता, तेव्हा तिने गुपचूप त्याचे टाके मोजले. एकशे चार! भावोजी आणि आपले विश्वंभर अंगाने सारखेच, मग आणखी काय हवं?

तिने विणायला घेतलं तशी वसुंधरा म्हणाली, "वहिनी, आधी वीतभर तुकडा विणून माप बघा."

"मला नको शिकवूस!"

लोकर तीच, सुयाही त्याच नंबरच्या. पण वसुंधरेचा हात सैल, आणि ही दातओठ खात प्रत्येक टाका आवळत होती. महिन्याने स्वेटर झाला आणि विश्वंभरांच्या छातीशीच अडकला.

"आपल्या इंदूला होईल," म्हणत त्यांनी तो वसुंधरेच्या बारा वर्षांच्या लेकीला देऊन टाकला. तिला तो मापाने बेतल्यासारखा बसला.

दुसऱ्या दिवशी नगरा या त्यांच्या हिंदी मुलखातल्या वस्तीच्या बाजारात शेजारच्या मिश्राइनने शकुंतलेसोबत निघालेल्या इंदूला थांबवून स्वेटर चाचपला, आणि शकुंतलेकडे वळून म्हणाली, "वाह, क्या सफाई है! आपकी देवरानी के हाथ में तो जादू है."