चांदणगडचा चिटणीस

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. ऑफिसात इंदूबाई म्हणायची, "प्रेमिला, तुझ्या नाकावर माशी बसत नाही वं." तिचं काही खोटं नव्हतं. दिवसभर आवक-जावकच्या टेबलावर बसायचं, आलेल्या प्रत्येक कागदावर तारीख आणि नंबर टाकायचा, गेलेल्या प्रत्येक कागदाची नोंद करायची, आणि साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांनी "बाई, ते पत्र सापडून नाही राहिलं" म्हणून माझ्यावरच यायचं. डोकं थंड राहील कसं?

घरी मी आणि आई. भाऊ नागपुरातच, इंदोऱ्याच्या जुन्या घरात त्याच्या संसाराला लागला आणि आम्ही दोघी गांधीबागेत, कापड बाजाराच्या मागं, माडीवरच्या एका खोलीत आलो. ती खोली मिळवताना अकरा ठिकाणी फिरले होते. दारात पाय ठेवला की पहिला प्रश्न आडनावाचा. गजभिये म्हटलं की कोणाची खोली कालच गेलेली असायची, कोणाचे पाहुणे येणार असायचे. बाराव्या माणसाने खोली दिली, पण नळ वेगळा दाखवला. त्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. आईने हात जोडले म्हणून राहिलो.

सत्तर साली एका दैनिकाच्या रविवारच्या अंकात चार ओळींची जाहिरात वाचली. चांदणगड संस्थानात काही जागा रिकाम्या आहेत, टपालाने खेळायचा खेळ आहे, इच्छुकांनी नागपूरच्या अमुक पोस्ट बॉक्सवर लिहावं. म्हटलं, हा कोणीतरी लफंगा असणार. तरी कार्ड टाकलं.

उत्तर आलं ते सुंदर, उजवीकडे किंचित झुकलेल्या अक्षरात. खाली सही, 'चिटणीस'. चांदणगड म्हणून संस्थान कुठेच नव्हतं. राजा वारलेला, वारस लहान, आणि कारभार आम्ही दहा जणांनी चालवायचा. कोणी दिवाण, कोणी खजिनदार, कोणी राजवैद्य. आपल्या माणसाने या महिन्यात काय केलं ते प्रत्येकाने बॉक्सवर लिहून पाठवायचं. चिटणीस ते जुळवून महिन्याची बखर लिहायचा आणि सायक्लोस्टाइल करून दहाही जणांना धाडायचा. दरबारातल्या कोणाला खाजगी पत्र लिहायचं असेल तर तेही बॉक्सवरच. चिटणीस स्वतःच्या हाताने ते उतरवून काढायचा आणि पुढे पाठवायचा. म्हणजे लिहिणाऱ्याचं अक्षरही दिसू नये, गावचा शिक्काही दिसू नये.

नियम तीन. आपलं खरं नाव, गाव, काम सांगायचं नाही. दुसऱ्याचं विचारायचं नाही. आणि जो सलग तीन महिने लिहिणार नाही, तो बखरीत मेला असं जाहीर व्हायचं. आमची खरी नावं फक्त चिटणिसाला ठाऊक, कारण वर्षाची वर्गणी मनिऑर्डरने जायची.

दुसरा नियम वाचला तेव्हाच माझं ठरलं. अशी जागा मला नागपुरात तरी सापडली नव्हती.

मी किल्लेदार झाले. पन्नाशीचा, एका डोळ्याने अधू, मिशांना पीळ देणारा, एकटाच गडावर राहणारा. बाई होऊन दिवसभर ऐकतच होते, तिथेही काहून बाई व्हायचं? किल्लेदाराने दिवाणाला असे काही खरमरीत खलिते लिहिले की पहिल्या वर्षीच दिवाण बदलला.

माझी खाजगी पत्रं मात्र एकट्या राजवैद्याशी. सुरुवात डोळ्यावरून झाली. त्याने लिहिलं, किल्लेदार, डोळ्याला औषध देतो, पण आधी सांगा, गडावर संध्याकाळी काय करता? मी लिहिलं, काही नाही, तोफा मोजतो. त्याने लिहिलं, मग रोज एक तोफ कमी मोजा, म्हणजे उद्यासाठी काम उरेल. मी खोलीत बसून एकटीच हसले. आईने विचारलं, "काय झालं वं?" मी म्हटलं, "ऑफिसचं."

पाच वर्षं चाललं हे. माझं पत्र गेलं की बाराव्या-तेराव्या दिवशी त्याचं उत्तर यायचं. ते मला पक्कं माहीत होतं, कारण सवयीने मी घरच्या पत्रांवरही कोपऱ्यात लाल पेन्सिलीने आल्याची तारीख टाकायची. वैद्य कुठेतरी लांब असणार एवढंच कळत होतं. बाकी विचारायचं नव्हतं, आणि त्यानेही कधी विचारलं नाही. मला बोलायला तेवढं एकच माणूस होतं. आता लाज कसली त्यात.

पंचाहत्तरच्या ऑगस्टमध्ये आई गेली. भाऊ आला, समाजाची माणसं आली, पुण्यानुमोदन झालं, सगळे आपापल्या घरी गेले. ऑफिसात हेडक्लार्क म्हणाले, "वय झालं होतं," आणि एक फाइल पुढे सरकवली. त्या संध्याकाळी मी वैद्याला लिहिलं की गडावरची म्हातारी पहारेकरीण वारली, आता दार आतून लावायला कोणी नाही.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. तीन पानं. त्यातलं एक मला पाठ आहे. 'किल्लेदार, बाहेरून आल्यावर लगेच दिवा लावू नका. उंबऱ्यावर थोडं थांबा. आत कोणी नाही हे आधी कळू द्या, मग आत जा. उलटं केलंत तर दिव्याच्या उजेडात माणूस शोधत बसाल.' मी तसंच करायला लागले. त्याने रडू यायचं थांबलं नाही, पण घरात शिरता येऊ लागलं.

त्यानंतर पत्रं भराभर येऊ लागली. दिवाळी झाल्यावर एकदा गठ्ठा काढून बसले आणि कोपऱ्यातल्या तारखा पाहिल्या. तेरा दिवस, बारा, तेरा, आणि ऑगस्टपासून चार, चार, तीन, चार. मी ताडकन उठले. दहा वर्षं सरकारी कागद हाताळणाऱ्या बाईला याचा एकच अर्थ सुचणार. वैद्याची नागपूरला बदली झाली होती.

मग माझं जे झालं ते सांगायला नको इतकं वेडेपणाचं आहे. बर्डीच्या बाजारात भाजी घेताना मी माणसांची तोंडं बघायची. बसमध्ये कोणी चष्मा पुसत असला की वाटायचं, हाच असेल. दोन महिने असे काढले. शेवटी फेब्रुवारीत नियम मोडला. लिहिलं की मी किल्लेदार नाही, प्रेमिला गजभिये आहे, सदतीस वर्षांची, आवक-जावक लिपिक. ती पहारेकरीण माझी आई होती. तुम्ही या शहरात आहात हे मला कळलं आहे. येत्या रविवारी दुपारी चारला महाराजबागेच्या फाटकाजवळ उभी राहीन. आडनाव वाचून यावंसं वाटलं नाही तर येऊ नका, मी समजून घेईन.

हे पत्र चिटणीस वाचणार, उतरवणार, हे माहीत होतं. पण चिटणीस म्हणजे कोण? पोस्टाची पेटी. पेटीची कोणी लाज धरतं का?

रविवारी साडेतीनलाच पोचले. निळ्या काठाची पांढरी साडी नेसले होते. पोरं माकडांना चणे टाकत होती, एक कुटुंब डबे उघडून बसलं होतं. चाळिशीचा प्रत्येक माणूस मी नीट पाहिला. पलीकडच्या बाकावर धोतर-कोट घातलेला एक म्हातारा माझ्या आधीपासून बसला होता. त्याच्याकडे मी पाहिलंही नाही. पावणेपाचला तोच उठून माझ्याजवळ आला.

"किल्लेदार?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "वैद्य?"

"नाही बाई. मी चिटणीस."

पहिल्यांदा मला काळजीच वाटली. म्हटलं, "वैद्य आजारी आहेत का?"

"वारले," तो म्हणाला. "ऑगस्टातच. त्यांच्या नावचं पाकीट माझ्याकडं परत आलं, पत्रग्राही मयत म्हणून. त्याच टपालात तुमचं पत्र होतं, म्हाताऱ्या पहारेकरणीचं. किल्लेदार बाई आहे हे मले मनिऑर्डरवरून माहीत होतं. ती म्हातारी कोण ते वाचल्याबरोबर समजलं. एका माणसाले एकाच दिवशी दोन मरणं कशी कळवू?"

मला समजायला वेळ लागला. मग समजलं. "ते तीन पानं..."

"मीच लिहिले."

"आणि त्याच्यानंतरचे?"

"तेही." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मले वाटलं, एवढं एकच पत्र लिहू, मंग वैद्याले हळूच यात्रेले पाठवून देऊ. पण तुमचं उत्तर आलं. मंग मले थांबताच नाही आलं. सहा वर्षं झाले, बाई, लोकाइचेच पत्रं उतरवून राहिलो. मले स्वतःले कोणी चार ओळी लिहीत नाही. तुमचे ते पत्रं पहिल्यांदा माझ्यासाठी आले."

"तुमच्यासाठी नव्हते आले," मी म्हटलं.

तिथे मी थांबायला हवं होतं. पण माझा ताबा सुटला तो सुटलाच. मी म्हटलं, "मेलेल्या माणसाच्या पानावर बसून जेवले तुम्ही. मी दोन महिने इथं बर्डीभर एका मुडद्याले शोधून राहिली, अन् तुम्ही घरी बसून मजा पाहून राहिले."

"मजा नाही, बाई."

"मंग काय? दया? आडनाव तर तुम्हाले पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"होतं. त्यानं काय होते?"

तेव्हा ते उत्तर मला कळलंच नाही. उपकार दाखवतो आहे असं वाटलं. मी विचारलं, "वैद्याचं नाव काय होतं?"

"ते नाही सांगू शकत. त्यांनी विश्वासानं दिलं होतं."

"सगळं मोडलं, अन् एवढाच नियम राहिला?"

"एवढा तरी राहू द्या," तो म्हणाला. मग अगदी हळू विचारलं, "मी पत्रं लिहिले तर चालेल का? चिटणीस म्हणून. तुम्ही उत्तर नका देऊ पाहिजे तर."

मी म्हटलं, "वैद्य मेला म्हणून छापा. अन् माझ्या दारात पुन्हा तुमचं अक्षर दिसू नये." एवढं बोलून निघाले. लोक बघत होते. मला वाटलं, बरी खरडपट्टी काढली. घरी जाईपर्यंत तसंच वाटत होतं.

मार्चची बखर आली. काळी चौकट, आत राजवैद्याचा मृत्यू, सव्वा पान. मी कितीही रागात असले तरी एवढं सांगते, वैद्यावर इतकं चांगलं कोणी लिहिलं नसतं. वैद्याला मनापासून वाचलेल्या माणसाचंच ते लिहिणं होतं. खाली दोन ओळी होत्या. वारस वयात आला आहे, कारभार त्याच्या हाती सोपवून दरबार बरखास्त करत आहोत. कोणाची वर्गणी उरली असल्यास परत मिळेल. माझी चौथ्या दिवशी परत आली. मनिऑर्डरच्या कुपनावर एक शब्द लिहिलेला नव्हता.

राग तीनेक आठवडे टिकला. नंतर ओसरला आणि खाली फार वाईट निघालं. संध्याकाळी खोलीशी आले, कुलूप काढलं, उंबऱ्यावर थांबले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं की हे थांबायचं त्याला कोणी शिकवलं असेल? त्याचं कोण गेलं होतं? मी तर विचारलंही नाही. तो समोर उभा होता आणि मी एका गेलेल्या माणसाचं नाव मागत बसले. जिवंत होता त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. आई गेल्यावर मला ज्या माणसाने सावरलं तो वैद्य नव्हताच. मला ज्याच्यासाठी रडायचं होतं तो वेगळा, आणि ज्याला गमावला तो वेगळा.

त्याच रात्री मी माझ्या नावाने बॉक्सवर पत्र लिहिलं. चुकले म्हणून लिहिलं, लिहीत जा म्हणून लिहिलं. नवव्या दिवशी पाकीट परत आलं, बॉक्स बंद असा शेरा मारून.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मोठ्या पोस्टात गेले. खिडकीवरच्या माणसाला बॉक्सचा नंबर सांगितला आणि तो कोणाच्या नावावर होता ते विचारलं. तो म्हणाला, "बॉक्स घेणाऱ्याचं नाव देता येत नाही, बाई. नियम आहे. तुम्ही नाव सांगा, मी पाहतो पत्ता निघतो का."

"नाव नाही माहीत."

"मंग तुमचे कोण लागतात ते?"

काय सांगायचं तेच कळेना. शेवटी म्हटलं, "मले पत्रं लिहीत होते."

"पत्रं लिहीत होते, अन् नाव माहीत नाही?" तो शेजारच्या टेबलाकडे बघून हसला. एरवी अशा माणसाला मी सोडला नसता. त्या दिवशी मला राग आलाच नाही, त्याचं बरोबर होतं. मागे लोक उभे होते. मी खिडकीवरून बाजूला झाले.