वीतभर टेप

दुपारी चार वाजता आमच्या रस्त्याला डुलकी लागलेली असते. ऊन भिंतींवरून उतरून फुटपाथवर आडवं पडलेलं, दुकानांची दारं अर्धी ओढलेली. मग मी कळ दाबते आणि रेडिओवर ‘चारचा ठेका’ सुरू होतो. आधी खालच्या न्हाव्याच्या दुकानात, मग औषधवाल्याकडे, मग समोरच्या शिलाई कारखान्यात. गाणं एकेका खिडकीतून असं तरंगत परत माझ्यापर्यंत येतं, की ते मीच लावलंय हे मलाही खरं वाटत नाही.

तासभर फक्त नाचायची गाणी, आणि तीही फक्त आमच्या भागातली. मध्ये एक साहेब आले होते. म्हणाले, “राजधानीतली गाणी लावा, लोकांना तीच हवी असतात.” मी म्हटलं, “ती लावायला सगळं जग बसलंय, साहेब. आमची आम्ही नाही लावली तर काय भिंती गाणार?” साहेब बदलून गेले, मी आहे तिथेच आहे. लाँड्रीतल्या बायकांची, नावाड्यांची, गिरणीतल्या पाळीवाल्यांची गाणी मीच खांद्यावर रेकॉर्डिंगचं मशीन टाकून गोळा केली. तोंडाने मी फटकळ आहे, पण कान चांगले आहेत.

ठेक्याची सुरुवात तीस वर्षं एकाच गाण्याने होते, नदीच्या गाण्याने. ते माझ्या दादाचं. शाळेत, लग्नात, मॅच जिंकल्यावर लोक तेच म्हणतात. त्या गाण्यात मधोमध एक जागा आहे. तिथे सगळं थांबतं, सव्वा सेकंद काहीच वाजत नाही. लोक श्वास धरतात, एक पाय उचलतात आणि ठेका परत आला की धपकन टेकवतात. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. नुकतं चालायला लागलेलं पोरही तिथे पाय उचलतं आणि बदकन खाली बसतं.

लोकांना वाटतं, ती गाण्यातली गंमत आहे. दादाच्या मते तो खड्डा आहे आणि तो मी पाडला.

तेव्हा मी नोकरीला नवी होते. टेप कापायची, जोडायची कामं माझ्याकडे. दादाने त्या ठिकाणी सगळी वाद्यं थांबवून एकट्याने एक सूर लावला होता. अख्खं गाणं त्याने त्या एका सुरासाठी बांधलं होतं. मी नेमका तोच कापला आणि तेवढ्याच लांबीची कोरी टेप जोडून दिली. वाजवणारे परगावचे, त्यांची गाडी निघून गेलेली, प्रसारण अर्ध्या तासावर आलेलं. गाणं तसंच गेलं. दादाने विचारलं, “का?” मी म्हटलं, “हात चुकला.” त्या दिवसापासून त्याने मला भिंगरी म्हणणं सोडलं. येणंजाणं होतं, बोलणं होतं, पण त्याने घरात रेडिओ ठेवला नाही. कुठे ते गाणं लागलं की हा आपल्या चपला शोधायला लागायचा.

या वर्षी सरकारी समितीने ठरवलं, की नदीचं गाणं आमच्या भागाचं अधिकृत गीत करायचं. पत्रात अट होती, ‘निर्दोष ध्वनिमुद्रण’ हवं. दादा आता अडुसष्ट वर्षांचा आहे. वाद्यदुरुस्तीचं दुकान बंद ठेवून तो आठवडाभर गळा घासत बसला. नवं ध्वनिमुद्रण मीच केलं. त्याने तो सूर लावला, पहिल्यापेक्षाही लांब, आणि काचेच्या या बाजूला माझे डोळे भरून आले. सुंदरच होता तो, खोटं कशाला बोलू?

“उद्या चारला लाव,” तो म्हणाला. “परवा समितीकडे पाठव. आता तरी माझं गाणं पुरं होऊ दे.”

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून साडेतीनलाच हजर. चार वाजता समोरच्या कारखान्यात मशीनं थांबली, बायका टेबलांच्या मधल्या वाटेत येऊन उभ्या राहिल्या. पुढे कात्रीवाल्या मावशी, नेहमीसारख्या गळ्यात मापाची पट्टी टाकून. गाणं सुरू झालं. दादा खिडकीशी उभा राहून बघत होता.

ती जागा आली. बायकांनी पाय उचलले. पण शांतता आलीच नाही, दादाचा सूर वाहत आला आणि वाहतच राहिला. कुणी पाय मध्येच टेकवला, कुणी तसाच अधांतरी ठेवला, दोघी एकमेकींवर आपटल्या. ठेका परत आला तोवर रांग मोडली होती.

मावशी खिडकीत येऊन ओरडल्या, “अहो बाई, आमची जागा कुठे गेली?”

“कसली जागा मागतायत त्या?” दादाने विचारलं.

त्याला माहीतच नव्हतं. चपला शोधणाऱ्याला कुठून माहीत असणार? पुढचं गाणं संपल्यावर मी जुनी टेप लावली आणि म्हटलं, “आता बघ.”

समोर सगळे पाय एकदम वर गेले. खाली न्हावी गिऱ्हाइकाच्या गालापासून वस्तरा लांब धरून एका पायावर उभा. औषधवाला दारात. अख्खा रस्ता श्वास धरून होता आणि लांब कुठेतरी एका सायकलची घंटा वाजली, तेवढीच. मग धप्प.

दादा खुर्चीत बसला.

“म्हणजे माझा सूर कुणाला हवाच नव्हता,” तो म्हणाला. “तुझी चूकच लोकांना बरी वाटली.”

त्याचा राग मी तीस वर्षं सोसला होता. हे मात्र मला सोसवेना. पोटात ठेवायचं वचन दिलं होतं मी, पण वचन देणारीही मीच आणि मोडणारीही मीच. लागोपाठ दोन गाणी लावून ठेवली आणि खणातून बटणांचा डबा काढला. त्यात तळाशी एक पाकीट, पाकिटात वीतभर टेप.

“हात चुकला नव्हता, दादा.”

जुन्या मशीनवर तुकडा चढवला आणि हेडफोन त्याच्या कानांवर ठेवले. आत काय आहे ते मला पाठ होतं. तरुण दादाचा लख्ख सूर आणि त्याच्या मधोमध एक खोकला. तोंडावर हात दाबूनही निसटलेला, लहानसा.

आपल्या आईचा खोकला माणूस झोपेतही ओळखतो. दादाने डोळे मिटले.

“कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती,” मी म्हटलं. “तू गाण्यात होतास, तुला कळलं नाही. मला स्पीकरवर स्वच्छ ऐकू आला. नंतर माझा हात धरून म्हणाली, माझ्यामुळे पोराचं गाणं नासलं, त्याला सांगू नकोस, जन्मभर मनाला लावून घेईल. मग काय, सुंठेवाचून खोकला घालवला मी. ब्लेडने.”

आई त्याच वर्षी गेली. सांगू का, असं परत विचारायला कुणी उरलंच नाही.

“आणि माझ्या शिव्या तू खाल्ल्यास.”

“तुझ्याच ना. गोड नव्हत्या, पण पचल्या.”

“पुन्हा लाव,” तो म्हणाला. मी लावला. पुन्हा म्हणाला, पुन्हा लावला. खाली रस्त्यावर दुसरंच कुठलं तरी गाणं नाचत होतं, आणि आम्ही दोघं म्हातारी भावंडं त्या वीतभर टेपमध्ये आईजवळ बसून होतो.

“परत जोडून देऊ का?” मी विचारलं. “तुझा जुना सूर, खोकल्यासकट?”

“नको. ती जागा तिची आहे. समितीला जुनी टेपच पाठव.”

“पत्रात ‘निर्दोष’ लिहिलंय.”

“मग त्यात दोष काय आहे, भिंगरी?”

मी उगाचच मशीन पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी तो वर आला नाही. चार वाजता खिडकीतून बघते तर खाली फुटपाथवर, इस्त्रीच्याच सदऱ्यात, दिव्याच्या खांबाला धरून उभा. मी कळ दाबली. गाणं न्हाव्याकडून औषधवाल्याकडे, तिथून कारखान्यात गेलं. ती जागा आली. बायकांचे पाय वर गेले, न्हाव्याचा गेला. दादानेही खांब घट्ट धरून आपला पाय उचलला.

आणि त्या शांततेत, तोंडावर हात धरून, तो हळूच खोकला. सर्दी वगैरे त्याला काही नव्हती.